टेकणीचा पाट

गेल्या महिन्यात मुलाने मागवलेलं एक भलंमोठं खोकं घरी आलं. सुनेने हौसेने फोडलं. आत जमिनीवर बसायची खुर्ची होती. पाय नाहीत, नुसती जाड गादी आणि तिला जोडलेली पाठ. पाठ मागेपुढे करायला खटके, नको असेल तेव्हा घडी घालून काखेत मारायची आणि हव्या त्या खोलीत न्यायची. "आई, खाली बसून भाजी निवडता आणि मग कंबर धरून उठता. बसून तर पाहा," सून म्हणाली. पाठीच्या दोन्ही अंगांना काळे पट्टे लोंबत होते. ते माझ्या नजरेला पडले. मी चटकन दोन पावलं मागे सरले आणि म्हणाले, "मी नाही बसणार यात." सुनेचा चेहरा पडला. म्हातारीला नव्याचं कौतुक नाही, असं तिला वाटलं असणार, आणि तसं वाटू द्यावं लागलं, कारण खरं काय ते दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं. ते आता लिहून ठेवते. ती वाचेल तेव्हा वाचेल.

आमच्या खेड्यात शाळा सातवीपर्यंत. पुढं शिकायचं तर संग्रामपूर नाहीतर जळगाव जामोद. जळगावला माझी मावशी होती, म्हणून आईने माझं गाठोडं बांधून तिच्याकडे धाडलं. मावशीला मूलबाळ नव्हतं. ती आणि काका, असं दोघांचंच घर. पुढं किराणा दुकान, मागं दोन खोल्या, त्यामागं पोत्यांची कोठी आणि परस. काकांना सगळं गाव अप्पा म्हणायचं. घराला दुकानाचा वास होता. हिंगाचा, गुळाच्या ढेपेचा, रॉकेलचा, आणि उन्हाळ्यात त्यात मिसळलेल्या ओल्या पोत्यांचा. पहाटे गिरणीची फकफक सुरू झाली की मावशी उठायची, आणि मी डोळे उघडेपर्यंत तिची आंघोळ उरकून लिंगपूजाही झालेली असायची. आम्ही लिंगायत वाणी. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे ओढायचे, ताठ बसून त्याच्याकडे एकटक बघत मंत्र म्हणायचा, आणि ते झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. पूजा चालू असताना मावशी बोलत नसे. एकदा चुलीवरचं दूध उतू जाऊन चूल विझली, तरी बाईने मंत्र पुरा केला आणि मगच मला शिव्या घातल्या.

शिव्या मात्र छान घालायची. तिच्या हाताला जशी चव होती तशी जिभेला धार होती. कळण्याची भाकर, वर कच्चं तेल घातलेला मिरचीचा ठेचा आणि पातोड्याची तर्रीदार भाजी ती पुढ्यात ठेवायची आणि म्हणायची, "खाय वं, कायले उंदरासारखी कुरतडून राह्यली? तुही माय म्हणन बहिणीनं पोर वाळवली." काका तिच्या उलट. बोलायला कंजूष. बायकोला नावाने हाक मारणं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. "ऐकलं का" आणि "अवो" यावर त्या दोघांचा संसार चालला होता. काकांना एकच नाद, भजनाचा. अधूनमधून कुणीतरी दुकानाच्या पायरीशी येऊन उभं राहायचं, सामान मागायचं नाही, नुसतं म्हणायचं, "अप्पा, या." काका लगेच तराजू खाली ठेवायचे. कोठीत जाऊन पोत्यांमागून गोणपाटात गुंडाळलेली एक वस्तू काढायचे, सायकलच्या कॅरिअरला बांधायचे, पिशवीत टाळ टाकायचे आणि निघायचे. मी एकदा विचारलं, तेव्हा मावशी म्हणाली, "भजनाले चालले." एवढंच. मी ताडलं की ती त्यांची बसायची काहीतरी बैठक असणार. काकांचे गुडघे दुखायचे. लोक सतरंजीवर बसतात, हे आपलं आसन घेऊन जातात, यात मला नवल वाटलं नाही. कुणी काही सांगितलं नाही म्हणून मी माझं गणित मांडलं, आणि ते मला अगदी बरोबर वाटत होतं.

नववीत असताना मावशी शिडीवरून पडली. धाब्यावर कुरडया वाळत घातल्या होत्या, त्या आणायला गेली आणि उतरताना शिडीच सरकली. अकोल्याच्या डॉक्टरांनी पाठीच्या मणक्याला चीर पडली आहे म्हणून सांगितलं आणि फळीवर उताणं निजवून ठेवलं. हाड जुळलं, पण कमरेत जोर म्हणून राहिला नाही. पाय हलायचे, हात चालायचे, मधला भाग मात्र भिजल्या पोत्यासारखा. भिंतीला टेकवून बसवलं की ती घसरत घसरत खाली यायची. उशा लावल्या, तक्के लावले, काकांनी दुकानातली लोखंडी खुर्ची आणली. खुर्चीवर बसून लिंगपूजा करायची नाही, असं तिने साफ सांगितलं. मग निजूनच लिंग हातावर घ्यायची, आणि मंत्र अर्ध्यावर आला की डोळ्यांच्या कडांनी पाणी उशीवर उतरायचं. "आडवं पडून देवाले तोंड दाखवते मी. मेल्यागत," असं म्हणायची. पूजा मनासारखी झाली नाही म्हणून जेवणही जाईना. भाकरीचे चार घास मोडायची आणि ताट सारायची. शिव्या बंद झाल्या. मला त्याचीच जास्त भीती वाटली. ज्या घरात मावशी ओरडत नाही, ते घर मला परक्याचं वाटायला लागलं होतं.

एका सकाळी काका दुकानाच्या मालासाठी बाजारात गेले होते. मावशी म्हणाली, "एकडाव बसून पूजा झाली असती ना मंदे, मंग काही म्हणणं नव्हतं माह्यं." आणि मला एकदम काकांची ती गोणपाटातली वस्तू आठवली. मी कोठीत गेले, पोती सारली, गोणपाट सोडलं. आत सागवानी पाट निघाला. चांगला रुंद, बूड मागच्या अंगाला किंचित खोलगट, म्हणजे बसणारा पुढं घसरू नये. त्याला बिजागरीने जोडलेली उंच पाठ, आणि मागून लावायची टेकणी. घडी मिटली की सरळ फळी, उघडली की पाठीला टेकू. पाठीला दोन्ही कडांनी भोकं होती, वर एक जोडी, खाली एक जोडी. लाकूड हातांनी आणि पाण्याने गुळगुळीत झालेलं. मी तिथंच कोठीत मांडून त्यावर बसून पाहिलं. मांडी घातली, मागं टेकले, डोळे मिटले. इतकं बरं वाटलं की बाजूच्या पोत्यातले मूठभर फुटाणे काढून मी तिथंच बसून खाल्ले. हे आज लिहितानासुद्धा अंगावर काटा येतो.

पाट घेऊन मी मावशीपुढे उभी राहिले. ती पाटाकडे बघत राहिली.

"कोठून आणला वं?"

"पोत्यांमागून. काकाचा भजनाचा पाट हाय ना? तूच तं म्हणली होती."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं. मला वाटलं, काकांना न विचारता वस्तू घेतली म्हणून आता ओरडेल. ती म्हणाली, "त्याच्यावर गोधडी टाक. अन् दार लोटून घे." मी तिला काखेत धरून उचललं. फार हलकी झाली होती. पाटावर बसवलं, मांडी घालून दिली, पण ती डावीकडे कलायला लागली. "माह्या जुन्या लुगड्याची पट्टी फाड," ती म्हणाली. "छातीवरून घे अन् त्या भोकातून मांगं काढ. आता गाठ मार." मी गाठ मारली आणि समोर येऊन पाहिलं, तर माझी मावशी ताठ बसली होती. मी हसायला लागले, तीही हसली. मग मी तिचं तोंड पुसलं, कपाळाला विभूती ओढली, लिंग तिच्या तळहातावर ठेवलं. तिने डोळे अर्धे मिटले आणि ओठांतल्या ओठांत मंत्र सुरू केला. मी परसात ज्वारीच्या कण्या धुवायला गेले. त्या दिवशी ती पोटभर जेवणार, याची मला खात्री होती.

काका ठरल्या वेळेच्या आधीच परत आले. दाराची कडी वाजली, पुढच्या क्षणी काहीतरी धपकन पडलं, आणि मग जो आवाज आला तो काकांचा आहे हे मला कळलंच नाही. "गिरजे!" मी धावत आत आले. काका उंबऱ्यात गुडघ्यांवर बसले होते, हातातली पिशवी फुटून मिरच्या घरभर झाल्या होत्या. "गिरजे, वं गिरजे, मले न सांगता कशी गेली वं! कोणं बसवलं तुले? मले कोणी बलावलं काऊन नाही?" मला काही उमजेना. मावशी तर तिथं समोर बसली होती, ओठ हलत होते, पण इतके बारीक की दारातून दिसू नयेत. मी म्हणाले, "काका, मावशी पूजेत..." पण माझ्या तोंडातून आवाज निघाला की नाही कोण जाणे. शेजारच्या विमलकाकू हाक ऐकून धावत आल्या, त्यांनी आत पाहिलं आणि तोंडावर पदर दाबून खालीच बसल्या. काका गुडघ्यांवर सरकत मावशीपर्यंत गेले आणि त्यांनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. माझ्या काकांनी, ज्यांनी बायकोला कधी नावाने हाक मारली नाही त्यांनी, आमच्यादेखत तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि ते लहान पोरासारखे हुंदके देऊन रडायला लागले. मी भिंतीला चिकटून उभी होते. हातातल्या ओल्या कण्या पायांवर सांडत होत्या.

मावशीने मंत्र पुरा केला. लिंग कपाळाला लावलं, गळ्यातल्या डबीत ठेवलं. मग खाली बघून म्हणाली, "अवो, पाया कायले पडून राह्यले? म्या काय मेली?"

विमलकाकूंनी अशी किंकाळी फोडली की दुकानापुढं चारजण गोळा झाले. काका मागं कोसळले ते भिंतीला जाऊन टेकले, आणि तिथून तिच्याकडे नुसते बघत राहिले. मग ते माझ्याकडे वळले. "तो पाट... पोरी, तो पाट कोणं काढला?" मी म्हणाले, "तुमचा भजनाचा हाय ना?" तेव्हा विमलकाकूंनीच मला सांगितलं, कारण काकांना बोलवेना. आमच्यात माणूस गेलं की जाळत नाहीत. त्याला न्हाऊ घालून, विभूती लावून मांडी घालून बसवतात, त्याच्यापुढं भजन म्हणतात, आणि बसलेलंच फुलांनी सजवलेल्या डोलीतून, म्हणजे विमानातून, समाधीला नेतात. अंग ताठायच्या आत बसवावं लागतं, मागं टेकू द्यावा लागतो, छातीवरून पट्टा काढून बांधावा लागतो. गावातल्या आमच्या सगळ्या घरांत मिळून तो एकच पाट होता. आणि माणसाला त्यावर बसवायचं काम काकांचं. गेलेला माणूस शिवरूप होतो, म्हणून थोरलेही त्याच्या पाया पडतात. काकांनी दारातून काय पाहिलं असेल ते मला तेव्हा कळलं. तो पाट, तो पट्टा, ती विभूती, ते मिटलेले डोळे. मी माझ्या हाताने सगळं जसंच्या तसं मांडलं होतं. मला कोठीतले फुटाणे आठवले आणि मी परसात जाऊन भडाभडा ओकले.

परत आले तेव्हा आत भांडण पेटलं होतं. काका पट्ट्याची गाठ सोडायला बघत होते आणि मावशी त्यांच्या हातावर चापट्या मारत होती. म्हणजे तिला ठाऊक होतं. मी पाट घेऊन तिच्यापुढं उभी राहिले त्या क्षणापासून तिला ठाऊक होतं, आणि तरी ती म्हणाली होती, गोधडी टाक. काकांच्या रडण्यापेक्षा मला याचाच धक्का जास्त बसला.

"उतर म्हंतो ना तुले! भलताच अवलक्षणीपणा."

"तुम्हीच गावाले सांगत फिरता ना, आपल्यात सुतक नाही, विटाळ नाही, मरण म्हंजे लिंगात मिळून जाणं? मंग पाट कसा बाटला?"

"ते वायलं."

"काय वायलं? आजलोक त्याच्यावर जे बसले त्यायच्यातल्या एकाची तरी पाठ दुखत होती काय? माही दुखते. मी जिती हावो तं मले त्याचा उपेग हाय."

काकांनी दुसरा पाट करून द्यायचं कबूल केलं. सुताराकडे गेले. त्याने मापं ऐकली आणि हात जोडले. "अप्पा, ते माप जित्या माणसासाठी मी नाही करत. माह्याही घरी लेकरं हायेत." बैल बदलावा तसा दुसरा सुतार शोधणं त्या काळी नव्हतं. शेवटी काका हरले. पाट मावशीच्या खोलीत राहिला, एका अटीवर. कुणी "अप्पा, या" म्हणत आलं की तो जाईल. त्यातही मावशीचं तोंड गप्प बसेना. हाक आली की ती आता पुढं बांधलेली पट्ट्याची गाठ स्वतःच सोडून आडवी व्हायची, "कोण गेलं?" विचारायची, आणि ओळखीचं असेल तर डोळे पुसायची. दुसऱ्या दिवशी पाट धुऊन, उन्हात वाळवून परत आला की गोधडी टाकून त्यावर बसायची आणि आदल्या दिवशी गेलेल्याचं नाव घेऊन म्हणायची, "सदाशिवबुवानं पाट गरम करून देल्ला वं." मी कानांवर हात ठेवायचे. पण ती जेवायला लागली होती. बसून पीठ मळायची, बसून शेंगा फोडायची, बसून मला शिव्या द्यायची. दुपारी दुकान मिटून काका तिच्या समोर येऊन बसायचे आणि दोघं एकाच सुपातलं धान्य निवडायचे. काका अजूनही तिला नावाने हाक मारत नव्हते. ती मात्र मुद्दाम छेडायची, "मी मेल्यावरच गिरजा होते काय जी?" आणि त्या करारी माणसाचे कान लाल व्हायचे.

माझं दहावीचं वर्ष होतं. भर दुपार. मावशी पाटावर बसून लसूण सोलत होती, मी पुस्तक घेऊन तिच्या शेजारी. दुकानापुढं पावलं वाजली आणि समाजातले दोघं-तिघं दारात येऊन उभे राहिले. ते नेहमी यायचे तसेच आले होते, पण बोलेनात. "अप्पा, या" म्हणायची त्यांची सवय होती, आणि ती हाक आता कुणाला घालायची ते त्यांना कळत नव्हतं. काका बाजारातून येताना रस्त्यात बसले होते ते बसलेच होते. छातीत कळ आली आणि संपलं. सकाळी माझ्या हातचा चहा पिऊन गेलेला माणूस. माझ्या कानांत गिरणीसारखी फकफक सुरू झाली, आणि मी वेड्यासारखी त्या माणसांच्या हातांकडे बघत राहिले, जणू त्यांनी काका हातात कुठं आणले असतील. मावशीने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांची नजर पाटावर होती आणि मागायची हिंमत नव्हती. तिने हातातली लसणाची पाकळी सुपात ठेवली, आणि छातीवरच्या पट्ट्याची गाठ सोडायला लागली.

काकांना घरी आणलं, न्हाऊ घातलं. बसवायची वेळ आली आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले. हे काम आजवर एकच माणूस करत आला होता. एकाने कसाबसा पट्टा वरच्या भोकात घातला. भिंतीकडेला निजलेली मावशी म्हणाली, "वरून नोका घेऊ. वरून घेतला तं मान पडते. खालच्यातून घ्या." त्यांनी खालून घेतला. मान ताठ राहिली. मग ती म्हणाली, "पाठीमांगं गोधडी घाला. उजव्या अंगाले फळीचं टोक हाय, बोचते." त्यांनी गोधडी घातली.

"मंदे," तिने मला हाक मारली. "मले बसव. यायच्यासमोर आडवी नाही राहणार मी." टेकायला काही उरलं नव्हतं. पाटावर काका होते. मी तिला उचलून त्यांच्या समोर बसवलं, मांडी घालून दिली, आणि तिच्या मागं जाऊन पाठीला पाठ लावून बसले. आपले पाय समोर रोवले आणि सगळा भार अंगावर घेतला. टाळ वाजायला लागले. तिच्या पाठीची हाडं माझ्या पाठीत रुतत होती, तिचा प्रत्येक हुंदका माझ्या बरगड्यांतून जात होता, आणि मला काका दिसत नव्हते, फक्त उघडं दार दिसत होतं आणि दारातल्या चपला. माझ्याही डोळ्यांतून धार लागली तेव्हा माझे खांदे हलायला लागले.

"पोरी, हालू नोको," ती मागून हळूच म्हणाली. "तू हालली तं मी पडन. रडाचं ते उद्या रड."

विमान येईपर्यंत मी हलले नाही.